वंशावळीबाहेरची पणजी

माझ्या माहेरच्या घराण्याची वंशावळ सात पिढ्यांची आहे. १९३६ साली आमच्या एका चुलत आजोबांनी ती जाड कागदावर बोरूने लिहून काढली आणि पुढच्या मंडळींनी वेळोवेळी वाढवीत नेली. वर मूळ पुरुष, त्याखाली त्याचे तिघे मुलगे, मग फांद्या फुटत फुटत आजच्या पिढीपर्यंत. मोजून एकसष्ट पुरुष त्यात आहेत. बाई एकही नाही. ज्या बायांनी या एकसष्टांना जन्म दिला त्या कोठून आल्या आणि कोठे गेल्या, हे त्या कागदाला ठाऊक नाही. लेकींची तर गोष्टच नको. मीही अर्थात त्यात नाही.

आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनींच्या घरी अशा वंशावळी असतील आणि त्यांचाही थाट असाच असेल. त्याबद्दल कोणाला दूषण देण्याचा माझा हेतू नाही. वंशावळ ही मुळात वारसाहक्कासाठी, वतनासाठी आणि भाऊबंदकीच्या वाटण्यांसाठी लिहिली जात असे. ज्याला वाटा नाही त्याचे नाव लिहिण्याचे कारण लिहिणाराला दिसत नसे. परंतु माझ्या पणजीची, म्हणजे वडिलांच्या आजीची, गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ती नुसती लिहायची राहिली नव्हती. तिचे नाव काढायचे नाही, असा घरात दंडकच होता.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यात. माझे आजोबा-आजी दोघेही वडील अगदी लहान असताना वारले आणि वडिलांना चुलत घराने पोटच्या मुलासारखे वाढविले. ते उपकार आम्ही विसरलेलो नाही, आणि त्या घरच्या मंडळींचा लोभ आजही आमच्यावर आहे. म्हणूनच या लेखात मी गावाचे व माणसांचे नाव मुद्दाम गाळले आहे. तर त्या घरच्या एका चुलत आत्याबाईंना मी लहानपणी विचारले होते, की आमची पणजी कशी होती. त्या जात्याजवळ बसून सूप पाखडीत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तिचं नाव घेऊ नगंस. दाल्ला मेला, तेराव्याचं जेवान व्हायच्या आत पोरगं काखंत मारलं आन् गेली निघून."

'निघून गेली' या दोन शब्दांचा अर्थ खेड्यात काय होतो, हे येथे फोडून सांगण्याची गरज नाही.

नोकरीतून मोकळी झाल्यावर मी मोडी शिकले. मोडी लिपी शाळांतून जाऊन आता साठ-सत्तर वर्षे होऊन गेली, तरी तिचे वर्ग ठिकठिकाणी भरतात आणि सरावाने ती वाचता येते. शिकण्यामागे पणजीचा विचार होता असे मी म्हणणार नाही. पण अक्षर लागू लागले तेव्हा पहिली आठवण तिचीच झाली. एक गोष्ट मात्र लवकरच ध्यानात आली. जुन्या कागदांत बाईचे नाव शोधावयाचे तर ते वंशावळीत शोधून उपयोग नाही. बाई कागदावर येते ती कोणी मेले म्हणून, काही गहाण पडले म्हणून, भांडण झाले म्हणून, किंवा ती तीर्थाला गेली म्हणून. तेव्हा मी मरण, कर्ज, भांडण आणि तीर्थ या चार वाटांनी शोधायचे ठरविले.

पहिली वाट कोतवाल बुकाची. गावात कोण जन्मले, कोण वारले याची नोंद ज्या वहीत होत असे तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. महसूल खात्याच्या भाषेत ती गाव नमुना चौदा. जुनी पुस्तके तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात व अर्ज करून, फी भरून नक्कल मिळते. २०२३ सालापासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्याने ही पुस्तके ठिकठिकाणी माळ्यावरून खाली आली, मोडी वाचणाराला भाव आला. त्यापूर्वी ती पाहू द्या म्हटले की कारकून आपल्याकडे अशा नजरेने पाही की बाईसाहेबांना काही कामधंदा नाही काय!

या पुस्तकांची भाषा एकदा समजली की वाचन सोपे जाते. मुलाच्या नावापुढे 'बिन' लिहून बापाचे नाव. बायकोच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचे. जन्माच्या बाजूला तर मुलाचे नावही नसते, कारण बारसे होण्यापूर्वीच नोंद झालेली. अमक्यास मुलगा, तमक्यास मुलगी, एवढेच. मृत्यूच्या बाजूला नाव, जात, वय आणि रोग. आमच्या गावच्या पुस्तकात प्लेगच्या वर्षांची पाने पाहवत नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात हा रोग उघडकीस आला आणि पुढे पुणे-सातारा जिल्ह्यांत वर्षानुवर्षे फिरत राहिला. उंदीर पडू लागले की गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहत. एरवी महिन्याला दोन-तीन नोंदी असणाऱ्या पुस्तकात त्या हिवाळ्यांत पानामागून पान भरले आहे आणि रोगाच्या रकान्यात सर्वत्र एकच शब्द, खाली नुसत्या आडव्या रेघा. त्यांत पणजोबा सापडले. वय अठ्ठावीस. जानेवारी १९०३.

घरच्या एका टिपणात त्यांच्या मृत्यूचा शक १८२४ दिला होता, त्यावरून सारेजण १९०२ साल धरीत होते. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो हे खरे. पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, कारण इंग्रजी वर्ष तोवर पुढे गेलेले असते. टिपणात महिना पौष होता. वर्षभराचा हा फरक क्षुल्लक वाटेल, पण पुढे मला त्याचाच उपयोग झाला.

दुसरी वाट कर्जाची. शेतकऱ्यांचे जुने गहाणदस्त आपल्या भागात बऱ्यापैकी टिकले आहेत, याला एक इतिहास आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि त्यांनी कर्जरोखे हिसकावून घेऊन जाळले. ते लोण अहमदनगर जिल्ह्यातही गेले. त्यावर चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याने करून दिलेला दस्त नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला गेला पाहिजे असे ठरले. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन मागाहून रक्कम भरण्याला त्यामुळे थोडा तरी आळा बसला. आम्हांला त्याचा फायदा असा की, निरक्षर माणसांचे व्यवहारही पुस्तकात उतरले.

त्या पुस्तकांत पणजीचा दस्त निघाला. मे १९०४. साडेतीन एकर जमीन, दोनशे रुपये, कबजेगहाण. म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात जायची, व्याजाऐवजी पीक त्याने खायचे, आणि दहा वर्षांच्या मुदतीत मुद्दल परत न केल्यास जमीन त्याचीच. कारण लिहिले आहे: पतीच्या आजारात व उत्तरकार्यास झालेले देणे आणि सरकारचा थकलेला सारा. लिहून देणार म्हणून पणजीचे नाव 'अ. पा. क. आई' या शब्दांसह आहे, म्हणजे अज्ञान मुलाचे पालन करणारी आई. साक्षीदार दोन, त्यांतला एक तिचा धाकटा दीर.

तारखेकडे पाहा. पणजोबा जानेवारी १९०३ त वारले आणि १९०४ च्या मे महिन्यात पणजी गावातच आहे. तेराव्याच्या आत निघून गेलेल्या बाईने पुढे सोळा महिने जमीन कसली, दोन हंगाम काढले, आणि मग कर्जाच्या ओझ्याखाली ती दुसऱ्याच्या हाती दिली. कबजा गेल्यावर विधवेने पाच-सहा वर्षांचे पोर घेऊन गावात खायचे काय? ती गेली ती त्यानंतर. का गेली हे दस्तात लिहिलेले नाही, पण दस्त हेच त्याचे उत्तर आहे असे मला वाटते.

दस्ताच्या शेवटी सही करता येत नसल्याने निशाणी आहे. जुन्या कागदांत कुणब्याची निशाणी नांगर, सुताराची त्याच्या हत्याराची, तशी बाईची निशाणी बांगडी. कारकुनाने तिच्या नावापुढे एक वाटोळे वर्तुळ काढले आहे, बस्स. जिच्या हातांतल्या बांगड्या सोळा महिन्यांपूर्वी फुटल्या होत्या, तिची खूण बांगडीच! लिहिणाराने पिढ्यांचा रिवाज पाळला, दुसरे काय. पण त्या वर्तुळावरून माझे बोट बराच वेळ उचलले नाही.

तिसरा कागद भांडणाचा. गावोगाव हक्कनोंदणीचे दप्तर होऊ लागले तेव्हा जमिनीतल्या प्रत्येक फेरबदलाची नोंद फेरफार पुस्तकात होऊ लागली. १९१३ च्या एका नोंदीत दिराचा जबाब आहे. आशय असा: भावजय मुलासह आठ-नऊ वर्षांपूर्वी परगावी निघून गेली, ठावठिकाणा नाही, गहाण जमीन सावकाराकडून खंडाने मीच करतो, सबब वहिवाटीस माझे नाव लावावे. 'निघून गेली' हे शब्द कागदावर प्रथम येथे भेटतात. आत्याबाईंच्या तोंडचे ते शब्द या जबाबातून घरात आले, की घरातून जबाबात गेले, कोण जाणे. दिराला मी खलपुरुष ठरवू इच्छीत नाही. त्याच्याही पदरी चार मुले होती, आणि दुसऱ्याच्या कबजातली जमीन निदान खंडाने तरी घरात ठेवावी असे त्याला वाटले असेल. मात्र भावजय १९०४ पर्यंत गावात होती आणि गहाणाला आपणच साक्षीदार होतो, हे त्याने जबाबात सांगितले नाही, एवढे म्हणावेच लागेल.

आणि चौथा कागद. मार्च १९१४, मुदत संपायला दोन महिने उरलेले. गहाणफेड. दोनशे रुपये रोख, सावकारास पोहोचले, कबजा सोडला. पैसे देणार पणजी, राहणार पुणे. आणि खाली निशाणी नाही. बांगडी नाही. बालबोध अक्षरात, रेघ थोडी वर चढत गेलेली, पूर्ण नाव व पुढे 'दस्तुर खुद्द'.

भगिनींनो, इतिहासाची पुस्तके मी काही वाचली आहेत, लढाया आणि तह वाचले आहेत. पण १९०४ च्या वर्तुळापासून १९१४ च्या सहीपर्यंत जे अंतर आहे त्याहून मोठे अंतर मी कोठे वाचलेले नाही. दहा वर्षांत तिने दोनशे रुपये साठविले हे एक आणि लिहायला शिकली हे दुसरे. दोन्ही कशी?

याचा धागा पुण्यात लागला. शाळेचे जनरल रजिस्टर ही फार उपयोगी वस्तू आहे. मुलाचे नाव, जन्मगाव, जात, दाखल झाल्याची तारीख, पालकाचे नाव व धंदा, शाळा सोडण्याचे कारण, सारे त्यात असते. आणि जुन्या शाळा ती जपून ठेवतात. आजोबा पुण्यात एका प्राथमिक शाळेत जून १९०७ मध्ये दाखल झाले. पालक आई, धंदा मोलमजुरी. पुढच्या शाळेत १९१२ साली त्यांचे नाव पुन्हा सापडते. पालक आई, धंदा सुईण, आणि त्यापुढे कंसात 'शिकलेली'.

त्या काळात पुण्यात बाईमाणसाला शिकण्याच्या जागा अगदीच नव्हत्या असे नाही. शिक्षिका तयार करणारे स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज १८७० पासून होते. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला होता व १९०० साली तो हिंगण्याला नेला. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले. तेथे मोठ्या वयाच्या बायांना लिहायला-वाचायला शिकवीत, आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिका व सुईणी तयार करीत. वेळ जुळते, काम जुळते. तथापि पणजी सेवासदनातच शिकली असे मी लिहिणार नाही, कारण तसा कागद माझ्या हाती नाही, आणि घराण्याच्या गोष्टींत 'असेल' चे 'होते' व्हायला फार वेळ लागत नाही. आत्याबाईंची गोष्ट तशीच झाली होती ना?

राहिली तीर्थाची वाट. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात हे सर्वांना ठाऊक आहे. गाव आणि आडनाव सांगितले की ते त्या घराण्याची वही काढतात. आलेला माणूस आपले, बापाचे, आज्याचे, भावांचे, मुलांचे नाव लिहून खाली सही करतो, आणि पुढच्या पिढीतला कोणी आला की ती पाने त्याला दाखवितात. अशाच वह्या काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथेही आहेत. बहुतेक नोंदी पुरुषांच्या. आमच्याही घराण्याच्या पानावर आधी तीन पुरुषांचे मोडी लेख आहेत. चौथी नोंद १९२१ सालची, सिंहस्थातली. अक्षर पाहताच मी ओळखले. रेघ तशीच वर चढत गेलेली.

तिने काय लिहिले? नवऱ्याचे नाव, सासऱ्याचे, आजेसासऱ्याचे. मुलाचे. मग दिराचे नाव, 'चिरंजीव' असे पुढे घालून. त्याच्या चारही मुलांची नावे. येथपर्यंत रीतीप्रमाणे झाले. पण त्यानंतर तिने सासूचे नाव लिहिले आहे, जावेचे लिहिले आहे, जावेच्या दोन मुलींची लिहिली आहेत. पुरुषांनी लिहिलेल्या तीन नोंदींत एकाही बाईचे नाव नाही. हिच्या एका नोंदीत सहा आहेत. शेवटी आपले सासरचे नाव, त्याखाली माहेरचे, आणि आईबापांची नावे व त्यांचे गाव. लग्नात नाव बदलण्याच्या रिवाजामुळे आपल्या कितीतरी आज्यांची पहिली नावे तांदळात लिहिली गेली आणि तांदळाबरोबरच गेली. हिने आपले शाईने लिहून ठेवले.

माहेर कोरेगाव तालुक्यातले निघाले. तिकडच्या कोतवाल बुकात तिच्या बापाच्या नावे १८८० च्या सुमारास एका मुलीची नोंद आहे. अर्थात 'मुलगी' एवढीच. ती हीच की तिची बहीण, हे सांगता येत नाही, म्हणून तिचे जन्मसाल मी लिहीत नाही. मृत्यू १९२६ साली पुण्यात झाला. माझ्या वडिलांनी तिला पाहिले नाही, आणि त्यांच्या आईवडिलांच्या पाठोपाठच्या मृत्यूने तिची हकीकत सांगणारे कोणी उरले नाही; उरला तो दिराचा जबाब.

हे सारे कागद घेऊन मी गावी गेले. मनात धाकधूक होती. दिराच्या वंशातले माझे चुलतभाऊ आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी चष्मा लावून नकला एकेक करून वाचल्या; आपल्या आजोबांचा जबाब दोनदा वाचला. मग काही न बोलता उठले आणि सुनेला म्हणाले, "न्हाणीतलं घंगाळ आण गं." तांब्याचे जुने घंगाळ. काठावर ठोक्यांनी अक्षरे घातलेली, चिंच-राखेने घासून घासून पुसट झालेली. भाऊ म्हणाले, "आक्का, ह्या नावाची बाई आमच्यात कोण, ते कुनालाच ठावं न्हवतं. दुकानदाराचं असंल म्हनायचो." मी पीठ चोळून अक्षरे उठविली. पणजीचे नाव होते, जावेचे नाव होते, मध्ये 'हिजकडून हिस', आणि शेवटी 'नाशिक, १९२१'.

नाशिकची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्धच आहेत. सिंहस्थाहून येताना तिने जावेसाठी घंगाळ आणले, आणि त्या घराने शंभर वर्षे त्यात पाणी तापवले. म्हणजे १९२१ साली ती त्या घराच्या उंबऱ्यात आली होती, तिचे आणलेले त्या घरात घेतले गेले होते. जावा-जावांचे काय बोलणे झाले असेल ते झाले असेल. वंशावळ त्यानंतर पंधरा वर्षांनी लिहिली गेली.

सोडविलेली साडेतीन एकर जमीन आजोबांच्या व दिराच्या मुलांनी पुढे एकत्र केली, तिच्यातच विहीर निघाली, आणि त्या विहिरीच्या पाण्यावर दोन्ही घरे वाढली. चुलतभावांनी यंदा पाडव्याला वंशावळ नव्याने लिहावयाला घेतली आहे. ज्या बायांची नावे मिळतील ती नवऱ्याशेजारी, माहेरच्या गावासह घालायची असे ठरले आहे. लेकीही घालायच्या. आत्याबाई आता नाहीत. त्यांचेही नाव येईल.

चव्वेचाळीस सुनांपैकी एकोणतीस जणींची नावे आतापर्यंत लागली आहेत. काही तीर्थाच्या वहीतून, काही दस्तांतून. पाच नावे पितृपक्षामुळे मिळाली. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घ्यावी लागतात, त्यामुळे एका भाऊबंदाच्या घरी ती टिपून ठेवलेली होती. आणि सात नावे भांड्यांवरून. पंधरा अद्याप बाकी आहेत. आपल्या मंडळात वाई, कोरेगाव, जावळीकडच्या बऱ्याच जणी आहेत. कोणाच्या घरी आहेराची जुनी नाव घातलेली भांडी असतील, मोडीतले कागद ट्रंकेत पडून असतील, तर मोडीत टाकण्यापूर्वी किंवा बोहारणीला देण्यापूर्वी मला एकवार दाखवावीत. बुधवारी दुपारी मी मंडळाच्या खोलीत असते. वाचून देण्याचे काही पडत नाही.